मेंदोसांच्या मागावर

तोलेदोच्या जुन्या शहरात, मोठ्या कॅथीड्रलच्या आसपासच्या अरुंद गल्ल्यांत पर्यटकांसाठीची दुकाने ओळीने लागतात. तलवारी, काळ्या पोलादात सोन्याची तार ठोकून केलेले नक्षीकाम, बदामाची मिठाई, आणि या सगळ्याच्या शेजारी आडनावांच्या ढाली. गार्सिया, लोपेस, मेंदोसा, कोणतेही नाव सांगावे. त्या नावाचे कुलचिन्ह रंगवलेली फरशी किंवा मुद्दाम पिवळट केलेल्या कागदावर छापलेला ‘घराण्याचा इतिहास’ लगेच हाती पडतो. या धंद्यामागचे गृहीतक साधे आहे: आडनाव बापाकडून मुलाकडे येते, तेव्हा त्याच वाटेने उलटे चालत गेले की माणूस आपल्या मूळ पुरुषापाशी पोहोचतो. कुलचिन्ह आडनावाला नसते, विशिष्ट घराण्याला किंवा व्यक्तीला असते, हे कुलचिन्हशास्त्राचे जाणकार कायम सांगत आले आहेत. पण दुकानदाराला ते सांगून उपयोग नाही. मेंदोसा या एका आडनावाचा माग काढत स्पेनमधून आणि मग जगभर फिरले, तर हे गृहीतक पहिल्या मुक्कामालाच डळमळू लागते. माझे म्हणणे असे, की हे नाव एवढे पसरले ते मुलाबाळांमुळे कमी, आणि मालमत्ता, आश्रय, बाप्तिस्मा आणि सरकारी हुकूम यांच्यामुळे जास्त. खुद्द मेंदोसा घराण्यानेही ते रक्ताची निशाणी म्हणून वापरले नाही. गरजेप्रमाणे घेतले, गरजेप्रमाणे सोडले. (उच्चाराचे एक सांगून टाकतो. माद्रिदकडे शेवटचे अक्षर जीभ दातांत धरून ‘था’सारखे म्हणतात, अटलांटिकपलीकडे सरळ ‘सा’ म्हणतात. नाव घेणारे बहुसंख्य लोक पलीकडचे आहेत, म्हणून इथे ‘मेंदोसा’.)

सुरुवात उत्तरेला, बास्क प्रदेशातल्या आलावा प्रांतात करावी लागते. व्हितोरिया शहराच्या पश्चिमेला थोड्याच अंतरावर मेंदोसा नावाचे एक छोटे गाव आहे. आजूबाजूला आलावाचे सपाट, धान्याचे पठार, मागे डोंगराची रांग, जवळून वाहणारी सादोर्रा नदी, तिच्यावरचा जुना दगडी पूल आणि इरुन्या-वेलेया या रोमन नगराचे अवशेष. बास्क भाषेत या नावाचा अर्थ ‘थंड डोंगर’ असा लावतात, आणि हिवाळ्यात तिथे उभे राहणाऱ्याला त्याबद्दल फारशी शंका उरत नाही. गावात एक तटबंद बुरूजवाडा आहे: मधे उंच चौकोनी मनोरा आणि भोवती कोपऱ्यांवर बुरूज असलेली भिंत. देखणेपणाचा विचार त्यात कुठे दिसत नाही, शेजाऱ्यांच्या भीतीचा दिसतो. त्याला कारण होते. मध्ययुगात आलावात मेंदोसा, गेव्हारा, आयाला अशी सरदार घराणी नांदत होती आणि त्यांची आपसांत हाडवैरे होती. यातले प्रत्येक नाव एका जागेचे आहे, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी. ‘दे मेंदोसा’ म्हणजे मेंदोसाचा. आपल्याकडे ‘कर’ प्रत्यय लागून झालेली आडनावे जे सांगतात, तेवढेच हे नाव सांगत होते.

इथेच पहिला आक्षेप येऊ शकतो. गाव एक, बुरूज एक, तेव्हा मूळ पुरुषही एकच असणार. पण गावावरून पडलेल्या आडनावाचा स्वभावच वेगळा. गावाचा धनी जसा ‘मेंदोसाचा’, तसा त्या गावातून पोट भरण्यासाठी बाहेर पडलेला लोहारही परगावात ‘मेंदोसाचा’च. पाटील आणि बलुतेदार यांना बाहेरचे लोक एकाच गावाच्या नावाने ओळखतात, त्यातून त्यांचे गोत्र एक होत नाही. सरदार घराण्याची वंशावळ लिहिणाऱ्या पुढच्या काळातल्या लेखकांनी या घराण्याचे मूळ थेट एल सिदपर्यंत, म्हणजे 11व्या शतकातल्या रोद्रिगो दिआस दे विवार या विख्यात योद्ध्यापर्यंत नेऊन भिडवले. त्याला पुरावा नाही. ही वंशावळ घराणे मोठे झाल्यावर लिहिली गेली, एवढेच तिच्याबद्दल खात्रीने म्हणता येते.

घराणे मोठे झाले ते आलावा सोडल्यावर. 1332 साली आलावाच्या सरदारांची स्वायत्त संघटना, आर्रियागाची मंडळी, स्वतःहून विसर्जित झाली आणि प्रांत कास्तीयच्या राजाकडे, अकराव्या आल्फोन्सोकडे गेला. त्याच सुमारास गोन्सालो यान्येस दे मेंदोसा राजाच्या शिकारखात्याचा प्रमुख झाला आणि माद्रिदच्या ईशान्येला साठेक किलोमीटरवरच्या ग्वादालाहारा शहरात त्याने बस्तान बसवले. तिथल्या वजनदार ओरोस्को घराण्यातल्या मुलीशी लग्न केले. त्याचा मुलगा पेद्रो गोन्सालेस दे मेंदोसा याला राजाकडून ईता आणि बुइत्रागो ही ठाणी मिळाली. 14 ऑगस्ट 1385 रोजी पोर्तुगालमध्ये आल्जुबार्रोताच्या लढाईत तो मारला गेला. पराभूत राजाला त्याने आपला घोडा दिला आणि स्वतः मागे राहिला, अशी कथा आहे. ती खरी असो वा नसो, घराण्याला ती फार फळली. पेद्रोचा मुलगा दिएगो उर्तादो दे मेंदोसा कास्तीयचा आरमारप्रमुख झाला. त्याने लेओनोर दे ला व्हेगा या उत्तरेकडच्या मोठ्या वारसदारणीशी लग्न केले, आणि तिच्या पोटी 1398 मध्ये जन्मलेला इन्यिगो लोपेस दे मेंदोसा 1445 साली सांतियानाचा मार्केस झाला. लढवय्या, राजकारणी आणि इटालियन धर्तीचे सुनीत स्पॅनिशमध्ये प्रथम लिहून पाहणारा कवी, असा हा माणूस.

आता या नावाकडे जरा बारकाईने पाहावे. स्पॅनिशमधला ‘एस’ हा प्रत्यय मुळात बापाचे नाव सांगतो: लोपेस म्हणजे लोपेचा मुलगा, गोन्सालेस म्हणजे गोन्सालोचा. मग आरमारप्रमुख दिएगोचा मुलगा ‘लोपेस’ कसा? नियमाने तो ‘दिआस’ व्हायला हवा होता. घराण्यात इन्यिगो लोपेस, दिएगो उर्तादो, पेद्रो गोन्सालेस अशा ठरलेल्या जोड्याच तयार झाल्या होत्या. ज्या पूर्वजाची आठवण जागवायची त्याची जोडी मुलाला द्यायची. ‘अमक्याचा मुलगा’ सांगणारा प्रत्यय 15व्या शतकात असा निव्वळ अलंकार होऊन बसला होता. सांतियानाच्या मार्केसची मुले पाहिली तर चित्र आणखी मोकळे होते. थोरला दिएगो उर्तादो दे मेंदोसा, इन्फान्तादोचा पहिला ड्यूक. दुसरा इन्यिगो लोपेस दे मेंदोसा, तेन्दियाचा पहिला काउंट. आणखी एक पेद्रो गोन्सालेस दे मेंदोसा, पुढे तोलेदोचा आर्चबिशप आणि कार्डिनल. पण याच आईबापांचा आणखी एक मुलगा लोरेन्सो सुआरेस दे फिगेरोआ. त्याच्या नावातला मुख्य भाग आईच्या वडिलांचा, सांतियागो पंथाच्या प्रमुखाचा. सख्खे भाऊ, दोन आडनावे, आणि कोणालाच त्यात वावगे वाटले नाही.

याहून बोलके उदाहरण तोलेदोतच आहे. 1521 साली, राजाविरुद्ध उठलेल्या शहरांचा पाडाव झाल्यावरही तोलेदो लढत राहिले ते मारिया पाचेको या बाईच्या नेतृत्वाखाली. तिचा नवरा हुआन दे पादिया याचा शिरच्छेद झालेला होता. तिने पुढे काही महिने शहर धरून ठेवले आणि अखेरीस पोर्तुगालला पळून गेली. ही मारिया दुसऱ्या काउंट तेन्दियाची मुलगी, म्हणजे बापाकडून अस्सल मेंदोसा. तिने आईचे पाचेको नाव लावले. तिचे सख्खे भाऊ: ग्रानादात राजाची सत्ता सांभाळणारा लुईस उर्तादो दे मेंदोसा, मेक्सिकोचा पहिला व्हाइसरॉय आंतोनिओ दे मेंदोसा, मुत्सद्दी आणि कवी दिएगो उर्तादो दे मेंदोसा. आडनावाच्या ढाली विकणाऱ्याला ही बहीण सापडणारच नाही. आणि तिच्या आडनावावरून शोधत गेलेला माणूस भलत्याच घराण्याच्या दारात उभा राहील.

नाव सोडता येत होते तसे मिळवताही येत होते. कार्डिनल मेंदोसाला, धर्मगुरू असूनही, मुलगे होते. इसाबेला राणी त्यांना कार्डिनलची ‘सुंदर पापे’ म्हणे, असे सांगतात. त्यातल्या थोरल्याचे नाव ठेवले रोद्रिगो दिआस दे विवार इ मेंदोसा, आणि त्याला किताब मिळाला सिदचा काउंट. म्हणजे ज्या एल सिदपासून आपण आलो असे घराणे मानत होते, त्याचे संपूर्ण नाव एका अनौरस मुलाला चिकटवून नाते पक्के केले. ग्रानादाकडे जाताना ग्वादिक्सजवळ, सिएर्रा नेवादाच्या उत्तर पायथ्याच्या उजाड टेकडीवर या रोद्रिगोने बांधलेला ला कालाओर्राचा किल्ला दिसतो. बाहेरून चार गोल, बोडके, राकट बुरूज; आत मात्र 1509 ते 1512 या काळात जेनोआहून आणलेल्या कारागिरांनी इटालियन संगमरवरात घडवलेला चौक. नाव घडवणाऱ्या माणसाने घरही त्याच पद्धतीने घडवले, असे तो चौक पाहून वाटते. शंभर वर्षांनी हाच प्रकार पुन्हा झाला. एबोलीची राजकन्या म्हणून प्रसिद्ध असलेली आना दे मेंदोसा (ग्वादालाहारा प्रांतातल्या पास्त्रानाच्या वाड्यात नजरकैदेत तिचे शेवटचे दिवस गेले) हिचा नवरा पोर्तुगीज रुई गोमेस दे सिल्वा. त्यांच्या एका मुलाचे नाव फेर्नांदो. तो फ्रान्सिस्कन भिक्षू झाला तेव्हा त्याने नाव घेतले पेद्रो गोन्सालेस दे मेंदोसा, थेट त्या कार्डिनलचे. पुढे तो ग्रानादाचा आर्चबिशप झाला. बापाकडून तो सिल्वा होता, हे त्या नावावरून कोणालाही कळणार नाही.

यावर जाणकार वाचक म्हणेल, की ज्या देशात ‘रक्ताची शुद्धता’ तपासणारे कायदे होते, ज्या उमरावांनी पूर्वजांच्या याद्या दगडात कोरल्या, त्यांना नावाशी रक्ताचे नाते वाटत नव्हते असे कसे म्हणता येईल? आक्षेप वजनदार आहे. ग्वादालाहारातला इन्फान्तादो वाडा पाहिला की तो आणखी वजनदार होतो. दुसऱ्या ड्यूकने 1480 च्या सुमारास हुआन ग्वास या वास्तुकाराकडून बांधायला घेतलेला हा वाडा म्हणजे घराण्याचे भले मोठे जाहीर निवेदन आहे. दर्शनी भिंत हिऱ्यासारख्या टोकदार दगडांनी मढवलेली, दारावर केसाळ रानमाणसांनी धरलेले कुलचिन्ह, आत सिंहांचा चौक. 1525 मध्ये कैदी होऊन आलेल्या फ्रान्सच्या पहिल्या फ्रान्सिसचा पाहुणचार इथेच झाला, आणि 1560 मध्ये दुसऱ्या फिलिपचे इसाबेल दे व्हाल्वाशी लग्न इथेच लागले. 1936 च्या डिसेंबरात यादवी युद्धातल्या बॉम्बहल्ल्यात वाडा जळाला; आज जे दिसते ते बरेचसे नंतर दुरुस्त केलेले. पण या वाड्याची मालकी कोणाकडून कोणाकडे गेली ते पाहा. सहावी ड्यूक एक स्त्री होती, आना दे मेंदोसा (एबोलीची नव्हे, दुसरी). तिच्या मुलीचे लग्न लेर्माच्या ड्यूकच्या मुलाशी, सान्दोव्हाल घराण्यात झाले. तिचा नातू सातवा ड्यूक, त्याचे नाव रोद्रिगो दिआस दे विवार सान्दोव्हाल इ मेंदोसा. तो 1657 मध्ये वारला तेव्हा किताब त्याच्या बहिणीकडे आणि तिच्याद्वारे पास्त्रानाच्या सिल्वा घराण्याकडे गेला. 19व्या शतकात तो ओसुनाच्या तेयेस-हिरोन घराण्यात आणि नंतर आर्तेआगांकडे गेला. बापाकडून मुलाकडे जाणारी मेंदोसांची वाट इन्फान्तादोपुरती 17व्या शतकाच्या सुरुवातीलाच संपली होती.

ती संपूनही नाव टिकले ते ‘मायोरास्गो’ या व्यवस्थेमुळे. मायोरास्गो म्हणजे वाटणी न होता एकाच वारसाकडे जाणारी, विकता न येणारी इस्टेट. अशा अनेक इस्टेटींच्या मूळ दस्तात अट असे: जो वारस होईल त्याने संस्थापकाचे नाव आणि कुलचिन्ह लावले पाहिजे. जावई असो, भाचा असो, मुलीचा मुलगा असो, जमीन हवी असेल तर नाव लावायचे. स्पॅनिश उमरावांच्या लांबच लांब नावांमागे वंशाभिमान आहेच. पण त्यातला बराचसा भाग खरे तर खातेउताऱ्यासारखा वाचायचा असतो. तेव्हा रक्ताचा अभिमान होता हे मान्य. मात्र ते रक्त सिद्ध करायला साक्षीदार, चौकशी, बाप्तिस्म्याची वही लागत असे; नुसत्या आडनावावर कोणीही विसंबत नसे, आणि हे त्या काळच्या माणसांना आपल्यापेक्षा चांगले ठाऊक होते.

घराण्याच्या आत हे असे. घराण्याबाहेर नाव कसे गेले ते पाहायला दक्षिणेकडे उतरावे लागते. 2 जानेवारी 1492 रोजी ग्रानादा पडले, तेव्हा आल्हाम्ब्रावर कार्डिनल मेंदोसाचा क्रूस उभारला गेला, आणि किल्ल्याचा पहिला किल्लेदार नेमला गेला तो तेन्दियाचा दुसरा काउंट, तोही इन्यिगो लोपेस दे मेंदोसा. पुढच्या दहा वर्षांत ग्रानादाच्या मुसलमानांचे सामूहिक बाप्तिस्मे झाले. बाप्तिस्म्याला धर्मपिता लागतो, आणि नवे नाव बहुतेक वेळा त्याचे, जमीनदाराचे किंवा अधिकाऱ्याचे घेतले जाई. ज्यूंचे तसेच. 1492 च्या हद्दपारीच्या वर्षी ग्वादालूपेच्या मठात राजा-राणीच्या साक्षीने बाप्तिस्मा घेतलेला अब्राहाम सेनेओर हा दरबारी ज्यू ‘कोरोनेल’ झाला. त्या जुन्या सरदारी नावाशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. अशाच मार्गांनी मेंदोसा हे नाव धर्मांतरित ज्यूंमध्ये शिरले, त्यांच्यातले काही पुढे हॉलंड-इंग्लंडला जाऊन उघडपणे ज्यू झाले, आणि नाव मात्र त्यांनी ठेवले. 1790 च्या दशकात इंग्लंडचा मुष्टियुद्धातला विजेता होता डॅनिएल मेंदोसा, लंडनच्या पूर्व भागातला, धर्माने ज्यू. धिप्पाड प्रतिस्पर्ध्यांना हुलकावणी देऊन, पायांच्या हालचालीवर जिंकण्याचे तंत्र त्याने रूढ केले आणि त्यावर पुस्तकही लिहिले. कास्तीयच्या कार्डिनलचे आणि या मुष्टियोद्ध्याचे आडनाव एकच. ढालवाल्याच्या फरशीवर त्याच्यासाठी ‘आवे मारिया’ कोरलेले सापडेल, कारण व्हेगा घराण्याकडून आलेले ते शब्द मेंदोसांच्या कुलचिन्हात आहेत.

अटलांटिक ओलांडल्यावर तर माणसांच्या आधी नकाशाच मेंदोसा होत जातो. ग्वादिक्सचा पेद्रो दे मेंदोसा 1536 मध्ये बुएनोस आइरेस वसवतो आणि पुढच्या वर्षी परतीच्या वाटेवर समुद्रातच मरतो. मारिया पाचेकोचा भाऊ आंतोनिओ 1535 ते 1550 मेक्सिकोचा व्हाइसरॉय. त्याच्या काळात तिथल्या चित्रलेखकांनी तयार केलेली, अझ्टेक राजांचा आणि खंडणीचा हिशेब सांगणारी चित्रपोथी आज त्याच्याच नावाने ओळखली जाते आणि ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे. त्याच सुमारास मेक्सिको शहराला लागून असलेल्या ट्लाटेलोल्कोचा देशी शासक होता डॉन दिएगो दे मेंदोसा. तो नाउआ भाषक, अझ्टेक कुळातला. नाव मात्र व्हाइसरॉयचे. पराभूत राजघराण्याने विजेत्याचे नाव घेणे याचा अर्थ शरणागती, तसाच दरबारात स्थान टिकवण्याचा डावही. देशी उमरावांनी घेतलेली नावे मग त्यांच्या रयतेपर्यंत आणि घरातल्या चाकरांपर्यंत झिरपली. मेक्सिकोत आज मेंदोसा आडनाव इतके सर्रास दिसते, की त्याचा हिशेब आलावातून आलेल्या मूठभर माणसांच्या संततीने लावणे कठीण आहे.

आर्जेंटिनातल्या मेंदोसा शहराची गोष्ट याहून विनोदी. अँडीजच्या पूर्व पायथ्याला, जवळपास वाळवंटी मुलखात, वार्पे लोकांनी पाटांचे जाळे विणून शेती केली होती. चिलीचा गव्हर्नर गार्सिया उर्तादो दे मेंदोसा याने पाठवलेल्या पेद्रो देल कास्तियोने 2 मार्च 1561 रोजी तिथे शहर वसवले आणि धन्याचे नाव दिले. धनी स्वतः तिथे नव्हता, आणि त्याची गव्हर्नरकीही संपत आली होती. नवा गव्हर्नर त्याचा विरोधक. त्याच्या वतीने आलेल्या हुआन हुफ्रेने 1562 मध्ये शहर थोडेसे हलवले आणि नाव ठेवले रेसुरेक्सिओन. ते कोणी वापरले नाही. 20 मार्च 1861 च्या भूकंपात जुने शहर जमीनदोस्त झाले. नव्याने बांधताना रुंद रस्ते, मोठे चौक आणि प्रत्येक झाडाच्या मुळाशी पाणी नेणारे पाट ठेवले गेले. आज तिथे सावली आहे, माल्बेक द्राक्षांचे मळे आहेत, क्षितिजावर बर्फाच्छादित अँडीज आहेत. पाहण्यासारखे शहर आहे, पण मेंदोसांचा इतिहास पाहायला कोणी तिथे जाऊ नये. हाच गार्सिया पुढे पेरूचा व्हाइसरॉय आणि कान्येतेचा मार्केस झाला, आणि 1595 मध्ये स्पॅनिश दर्यावर्दी मेंदान्याने पॅसिफिकमधल्या एका द्वीपसमूहाला त्याच्यासाठी ‘मार्केसास दे मेंदोसा’ असे नाव दिले. काळाच्या ओघात मेंदोसा गळाले, मार्केसास उरले.

फिलिपिन्समध्ये नावांच्या प्रसाराला सरकारी शिक्का मिळाला. तिथे अनेकांना वंशपरंपरागत आडनाव नव्हते. बाप्तिस्म्यानंतर लोक मनाला येईल ते, बहुधा संतांचे किंवा ‘दे ला क्रुस’सारखे नाव घेत, आणि बाप-लेकांची नावेही जुळत नसत. कर गोळा करणाऱ्या सरकारला हे परवडेना. 21 नोव्हेंबर 1849 रोजी गव्हर्नर नार्सिसो क्लावेरियाने हुकूम काढला आणि सुमारे साठ हजार नावांची वर्णानुक्रमे छापील यादी प्रांतोप्रांती धाडली. त्या यादीत स्पॅनिश घराण्यांची नावे होती, झाडापानांची होती, स्थानिक भाषांतले शब्दही होते. काही प्रांतांत एका गावाला एकाच अक्षराची पाने मिळाली. आल्बाय प्रांतातल्या ओआस गावातली बहुसंख्य आडनावे म्हणूनच आजही ‘र’ने सुरू होतात. ज्यांच्याकडे आधीपासून काही पिढ्यांचे नाव होते त्यांना ते ठेवता आले. तेव्हा फिलिपिन्समधल्या एखाद्या मेंदोसाचे नाव कधीच्या बाप्तिस्म्यातून आले की कुठल्या अधिकाऱ्यावरून, हे त्या गावच्या चर्चची वही उघडल्याशिवाय सांगता येत नाही. तिथल्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या आडनावांत मेंदोसा आहे, एवढे मात्र सहज दिसते.

शेवटचा आक्षेप आजच्या स्पेनचा. 1870 च्या कायद्याने नागरी नोंदणी सुरू झाली, प्रत्येकाला दोन आडनावे मिळाली, पहिले बापाचे, दुसरे आईचे. लग्नानंतर बायकांची नावे बदलत नाहीत. दीडशे वर्षे एवढी काटेकोर नोंद असताना आडनाव वंश सांगत नाही असे कसे म्हणावे? त्या दीडशे वर्षांपुरते म्हणू नये, हे खरे. या काळात नाव आणि वंश बऱ्याच अंशी जुळतात, आणि शोध घेणाऱ्याची तिथपर्यंत सोय आहे. पण ढाल विकत घेणाऱ्याची भूक पाचशे वर्षांची असते. शिवाय कायदाही पुन्हा जुन्या मोकळेपणाकडे वळला आहे: 1999 पासून आईबापांना क्रम उलटा करता येतो, आणि 30 जून 2017 पासून बापाचे नाव आपोआप पहिले येत नाही, क्रम दोघांनी मिळून ठरवून सांगावा लागतो. मारिया पाचेकोला हे पाहून आनंद झाला असता.

या माळेतला एक मणी आपल्या किनाऱ्यावर आहे. पोर्तुगालमध्ये याच नावाचे रूप मेंदोन्सा झाले आणि ‘उर्तादो’चे ‘फुर्तादो’. 1564 साली जुआंव दे मेंदोन्सा काही महिने गोव्याचा गव्हर्नर होता. आंद्रे फुर्तादो दे मेंदोन्सा याने 1600 मध्ये कालिकतचा राजा सामुतिरी याच्या मदतीने मलबारचा आरमारी सरदार चौथा कुंजाली मरक्कार याला पकडून गोव्याला आणले, तिथे त्याला देहदंड झाला. 1609 मध्ये हाच आंद्रे थोडा काळ गव्हर्नर झाला. गोवा, वसई आणि मंगळूरकडे मेंदोन्सा, मेंडोन्सा आणि फुर्टाडो ही आडनावे आजही घरोघर आहेत. त्यांचा या सेनापतींशी रक्ताचा संबंध असावा असे मानायला काहीच कारण नाही. धर्मांतराच्या वेळी धर्मपित्याचे, पाद्रीचे किंवा पोर्तुगीज आश्रयदात्याचे नाव मिळे. वेगवेगळ्या वेळी बाप्तिस्मा झाल्यामुळे एकाच घरातल्या माणसांची आडनावे निराळी झाल्याचीही उदाहरणे आहेत. वसईवरचा पोर्तुगीजांचा अंमल 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी संपवला, नावे राहिली, आणि त्या मुलखातल्या ख्रिस्ती घरांत मराठी बोलीही राहिली. 2020 मध्ये उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी भूषवले, तेव्हा त्यांच्या आडनावावरून त्यांचे पूर्वज पोर्तुगालचे होते असे कोणी म्हटले नाही. मेंडोन्सांना मात्र अधूनमधून ते ऐकावे लागते. गोव्यात उत्तर शोधायची जागा वेगळी आहे. गावच्या कोमुनिदादीत, म्हणजे सामाईक जमीन सांभाळणाऱ्या गावसंस्थेत, गावकऱ्यांचे हक्क वांगडाप्रमाणे, म्हणजे धर्मांतराच्या आधीपासून चालत आलेल्या कुळांप्रमाणे, बापाकडून मुलाकडे जात राहिले. ख्रिस्ती झालेल्या गावकऱ्याची जोण, म्हणजे वार्षिक उत्पन्नातला वाटा, त्याच नोंदीवर ठरत असे. दोन वेगळ्या गावांतले दोन मेंदोन्सा एकमेकांचे कोणी लागतात का, हे पाहायचे तर त्या वह्या काढाव्या लागतात आणि त्यांतला वांगड वाचावा लागतो.